गल्लीतल्या मराठी शाळेचा पट: साठ आणि एकसष्टमधला फरक

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. वळवाचा एखादा पाऊस पडून गेलाय. बेळगावातल्या शहापूर-वडगावकडच्या एखाद्या गल्लीत मागांचा आवाज सुरू झालाय. सरकारी मराठी शाळेच्या दोन बाई हातात वही घेऊन गल्लीच्या तोंडाशी येतात आणि पहिल्या घरापासून विचारत सुटतात, "काकू, यंदा पहिलीला कोण आहे का घरात?"

कट्ट्यावर भाजी निवडत बसलेली आजी मान वर न करता सांगते, "आमच्या नातवाला गेल्याच वर्षी एलकेजीला घातलंय की बाई. व्हॅन दारात येते." पुढच्या घरातली सून दाराआडून म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." त्याच्या पुढच्या घराला कुलूप. चौथ्या घरातला गवंडीकाम करणारा बाप मात्र लगेच म्हणतो, "माझी पोरगी आहे. नाव लिहा. तिची आईपण तुमच्याच शाळेत शिकली."

दुपारपर्यंत वहीत चार-पाच नावं जमतात. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक मराठी वस्त्यांत हे दृश्य दिसतं. मराठी शाळा टिकली पाहिजे यावर गल्लीत कुणाचंच दुमत नसतं. पण स्वतःचं पोर कुठे घालायचं, या प्रश्नावर प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असतं. आणि बाईंच्या वहीतला तो आकडा पुढच्या वर्षभरात बऱ्याच गोष्टी ठरवतो. त्या नेमक्या कोणत्या आणि कशा, हे पालकांना फारसं कुणी समजावून सांगत नाही.

पटावरून शिक्षक कसे ठरतात

शाळेच्या हजेरीपटावर जितकी नावं, त्या हिशेबाने शिक्षक. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात याचे किमान निकष दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. ६१ ते ९० मुलांसाठी ३. ९१ ते १२० साठी ४. १२१ ते २०० साठी ५, आणि मुलं १५० च्या वर गेली की पाच शिक्षकांशिवाय एक मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र, भाषा या तिन्हींसाठी निदान एकेक शिक्षक असलाच पाहिजे.

आता समजा, एका गल्लीतल्या शाळेत पहिली ते पाचवीला ६१ मुलं आहेत. निकषाप्रमाणे तिथे तीन शिक्षक. जूनमध्ये दोन घरांनी आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली. पट झाला ५९. कागदावर फरक दोन मुलांचा, पण शाळेचा एक शिक्षक जादा ठरतो आणि पुढेमागे त्याची बदली होते. उरले दोन शिक्षक आणि वर्ग पाच.

दोन शिक्षक म्हटले तरी दोघेही रोज वर्गावर असतात असं नाही. एकाला प्रशिक्षणाला जावं लागतं, कधी निवडणुकीचं काम येतं, कधी माहिती भरायची असते, कधी माध्यान्ह आहाराचा हिशेब. अशा दिवशी एक शिक्षक पाच वर्ग सांभाळतो. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीला गणितं फळ्यावर लिहून द्यायची, आणि मधेच दुसरीतल्या कुणाचं तरी पोट दुखतं.

मग पालक म्हणतात, "तिथं शिकवतच नाहीत." ते खोटंही नसतं. त्यामुळे पुढच्या जूनमध्ये आणखी तीन मुलं जातात आणि पट आणखी घसरतो. शाळेच्या दाराला कुलूप लागतं तेव्हा बातमी होते, मोर्चा निघतो, निवेदनं दिली जातात. पण त्या कुलपाची सुरुवात बऱ्याच वर्षांपूर्वी, साठ आणि एकसष्टच्या मध्ये कुठेतरी झालेली असते.

पट खूपच खाली आला की शेजारच्या शाळेत विलीन करायची भाषा सुरू होते. व्हॅनचे पैसे भरणाऱ्या घराला त्याचं काहीच वाटत नाही, त्यांची मुलं आधीच दुसरीकडे आहेत. अडचण होते ती गवंड्याच्या, मागावर काम करणाऱ्याच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलांची. घराशेजारची शाळा गेली की सहा वर्षांच्या पोरीला मोठा रस्ता ओलांडून कोण सोडणार? आईचं काम सकाळी सातला सुरू होतं.

मुलं जातात कुठे, आणि का

"लोकांना मराठीची चाड राहिली नाही" असं भाषणात म्हणायला सोपं आहे. गल्लीत बसून ऐकलं तर कारणं जास्त साधी आणि जास्त खरी निघतात.

पहिलं कारण वयाचं. सरकारी शाळेची पहिली साधारण सहाव्या वर्षी सुरू होते. खाजगी इंग्रजी शाळा साडेतीन वर्षांच्या मुलाला एलकेजीला घेते. मधल्या दोन-अडीच वर्षांत मूल घरी बसवायचं की अंगणवाडीत पाठवायचं? सीमाभागातल्या मराठी वस्त्यांत अंगणवाडी कोणत्या भाषेत चालते, हा वेगळाच तक्रारीचा विषय आहे. आई-बाप मग शेजारच्या पोरांबरोबर आपलंही मूल एलकेजीला घालतात. एकदा तिथे गणवेश शिवला, व्हॅन लावली, मैत्री जमली, की दोन-अडीच वर्षांनी त्याला उठवून पहिलीला मराठी शाळेत आणणं जवळपास अशक्य. बाई वही घेऊन येतात तेव्हा लढाई दोन-अडीच वर्षांपूर्वीच हरलेली असते.

दुसरं कारण पुढच्या शिक्षणाचं. सातवीपर्यंत मराठी, आठवी ते दहावीही मराठी हायस्कुलात, इथपर्यंत ठीक. पण पीयूसीला विज्ञान शाखा घेतली की सगळं इंग्रजीतून. "तिथं जाऊन पोरगं गांगरलं तर?" ही भीती खोटी नाही. मराठी माध्यमातून शिकून डॉक्टर, इंजिनिअर झालेले कितीतरी लोक बेळगावात आहेत, आणि अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत रडकुंडीला आलेलेही आहेत. बऱ्याचदा दोन्ही माणसं एकच असतात.

तिसरं कारण मानाचं. हे कुणी उघड बोलत नाही. नणंदेची मुलं टाय लावून जातात, मग आपली कशी चप्पल घालून पाठवायची? सरकारी शाळेत पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण, दूध सगळं मोफत आहे. कर्नाटकात शाळेत दूध द्यायची क्षीरभाग्य योजना २०१३ पासून चालू आहे. पण फुकट मिळतं म्हणजे हलकं असणार, असा समज घट्ट बसलेला आहे.

सरकारी धोरणानेही मुलं इकडची तिकडे नेली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना मोफत मिळत होत्या. गरीब घरातल्या मुलाला त्याच पैशात, म्हणजे शून्य पैशात, इंग्रजी शाळा मिळत असेल तर बाप का नाही म्हणेल? २०१९-२० पासून कर्नाटकाने नियम बदलला. शेजारी सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेत तशी जागा मिळणार नाही, असं ठरलं. त्याच वर्षी राज्यातल्या एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्गही सुरू झाले. म्हणजे सरकारी शाळेतल्या मुलांनाही इंग्रजी हवं आहे, हे सरकारनेच मान्य केलं.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

सीमाभागात या विषयावर बोलणं सुरू झालं की 'घटनेने दिलेला हक्क' हे शब्द येतातच. तो हक्क नेमका किती, हे माहीत असलेलं बरं.

राज्यघटनेचं कलम ३५०(अ) सांगतं की भाषिक अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा. हे कलम १९५६ साली, भाषावार प्रांतरचनेच्या वेळी सातव्या घटनादुरुस्तीने आलं. त्याच्याच पुढचं ३५०(ब) भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायला सांगतं. केंद्राचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त ते हेच. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै प्रकरणात सांगितलं. त्यामुळे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी माणूस कर्नाटकात, गोव्यात, गुजरातेत, तेलंगणात, मध्य प्रदेशात भाषिक अल्पसंख्याक ठरतो.

किती मुलं असली की सोय करायची? याचं उत्तर ऑगस्ट १९४९ मधल्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं आणि पुढे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ते पुन्हा मान्य झालं. प्राथमिक शाळेत एका वर्गात एखाद्या भाषेची १० मुलं किंवा सगळ्या शाळेत मिळून ४० मुलं असतील, तर त्या भाषेतून शिकवायला शिक्षक द्यायचा. माध्यमिकसाठी वरच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५. शिवाय शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी अशा मुलांची आगाऊ नोंद करायला शाळेत नोंदवही ठेवायची, असंही ठरलेलं आहे.

हे सगळं राज्यांनी आपसांत मान्य केलेलं आहे. संसदेने केलेल्या कायद्यासारखी सक्ती त्यात नाही. म्हणून ते आपोआप मिळत नाही, कुणीतरी आकडा दाखवून मागावं लागतं. दहा मुलांच्या पालकांनी सह्या करून अर्ज दिला तर त्याला आधार आहे. "आमच्या गावात मराठी लोक खूप आहेत" एवढंच म्हटलं, तर नाही.

शिक्षण हक्क कायद्यातही अशीच फट आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा नियम आहे. पण ती शाळा मराठीच असावी असं त्यात नाही. कलम २९ मध्ये माध्यमाबद्दल म्हटलंय ते एवढंच, की शक्य असेल तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून असावं. 'शक्य असेल तिथवर' या शब्दांत सरकारला पुष्कळ मोकळीक आहे. म्हणूनच पट महत्त्वाचा. मुलं समोर बसलेली असतील तर 'शक्य नाही' म्हणणं अवघड जातं.

मातृभाषेचा रकाना

कर्नाटक सरकारने १९९४ साली एक आदेश काढला होता. पहिली ते चौथीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच हवं, असा त्याचा रोख होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरकार मातृभाषेतून शिकण्याची सक्ती करू शकत नाही, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी सांगायचं.

या निकालाला दोन बाजू आहेत आणि गल्लीत दोन्ही दिसतात. एकीकडे, इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पालकाला कुणी अडवू शकत नाही. दुसरीकडे, मराठी घरातल्या मुलाची मातृभाषा मराठी आहे हे सांगायचा अधिकार पालकाचा. तिथे दुसऱ्या कुणी आपल्या मनाने काही लिहायचं नाही.

प्रत्यक्षात काय होतं? प्रवेशाचा अर्ज घाईत भरला जातो. बाप सही करून कामावर पळतो. 'मातृभाषा' हा रकाना शाळेतलं कुणीतरी भरतं, शाळा कन्नड माध्यमाची असेल तर कधी सवयीने कन्नड लिहिलं जातं, इंग्रजी शाळेत कधी इंग्रजी. दहा-बारा वर्षं कुणी पाहत नाही. मग दाखला हातात येतो तेव्हा घोळ कळतो.

त्या रकान्याला किंमत आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळा पात्रता गट असतो. त्याच्या मुख्य अटी दोन. दहावी किंवा बारावी त्या भागातल्या किंवा महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी, आणि मातृभाषा मराठी हवी. मूल इंग्रजी शाळेत शिकत असलं तरी ही दुसरी अट लागू आहेच. म्हणून प्रवेशाच्या दिवशी दोन मिनिटं थांबून तो रकाना स्वतः वाचणं, हे मराठी शाळेत घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या दोघांच्याही फायद्याचं आहे. तिथे लिहिलेलं दुरुस्त करायचं झालं तर नंतर फार खेटे घालावे लागतात.

कन्नडचं काय?

हा प्रश्न मराठी घरांत दबक्या आवाजात विचारला जातो, तो मोठ्याने विचारायला हरकत नाही. वीजबिल कन्नडमध्ये येतं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो. ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये लागते. म्हाताऱ्या बापाला तलाठ्याकडे नेणारा पोरगा कन्नड वाचू शकत नसेल तर त्याला तिसऱ्या माणसाच्या हातापाया पडावं लागतं.

कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं २०१५ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१७-१८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. मराठी माध्यमाच्या शाळेतही कन्नड विषय असतोच. दहावीच्या एसएसएलसी परीक्षेत ६२५ पैकी १२५ गुण पहिल्या भाषेला आणि बाकीच्या विषयांना प्रत्येकी १०० असतात. मराठी शाळेतल्या मुलाची पहिली भाषा मराठी. म्हणजे मातृभाषेत सर्वांत जास्त गुण, आणि शेजारी कन्नड, इंग्रजी दोन्ही. कागदावर ही तीन भाषांची शिदोरी उत्तम आहे.

अडतं ते शिकवण्यात. मराठी शाळेत कन्नड विषयाला नीट शिक्षक नसेल, किंवा मराठीच येत नसलेला शिक्षक पहिलीच्या वर्गावर पाठवला असेल, तर दोन्हीकडून नुकसान. पहिल्यात मूल कन्नडला घाबरतं. दुसऱ्यात ते शाळेलाच घाबरतं. "आमच्या शाळेला कन्नडचा चांगला शिक्षक द्या" ही मागणी मराठीविरोधी नाही. उलट ती पूर्ण झाली तर मराठी शाळेत घालायला कचरणाऱ्या पालकांचं एक मोठं कारण कमी होईल.

हीच अडचण सीमेच्या पलीकडेही आहे, हे विसरून चालत नाही. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, सोलापूरच्या अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तिथले कन्नड पालक तक्रार करतात ती हीच. कन्नड न येणारा शिक्षक आमच्या पोरांना काय शिकवणार? बेळगावच्या मराठी पालकाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. दोन्ही राज्यांत अल्पसंख्याकांच्या शाळेला एकाच मापाने मोजलं तर दोन्हीकडची मुलं सुटतील.

दुसऱ्या गावांत काय झालं

महाराष्ट्राबाहेरच्या सगळ्या मराठी वस्त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडला आहे. उत्तरं मात्र वेगवेगळी निघाली.

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर मान्य झाला. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांश मराठी माध्यमाच्या. पण २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा मोठं आंदोलन झालं. आंदोलन झालं तरी गावोगावच्या सरकारी मराठी शाळांचा पट घसरायचा थांबला नाही. कायद्यात जागा होती, सरकारी शाळा होत्या, मुलं मात्र कमी होत गेली.

सुरतेत उलटं घडलं. खानदेशातून कामाला गेलेल्या मराठी कुटुंबांची तिथे दाट वस्ती आहे. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, ओडिया माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथे मराठीचा फार मोठा लढा झाला म्हणून शाळा मिळाल्या असं नाही. मुलं होती, एका वस्तीत होती, आणि त्यांना परवडणारी दुसरी शाळा नव्हती.

हैदराबादेत निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा उभी केली. सरकार देईल याची वाट न पाहता समाजाने स्वतःची संस्था काढली आणि ती पुढे मोठी झाली. बडोदा, इंदूरकडे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण मुलांच्या शाळेची भाषा बहुतेक घरांत गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी झाली. भाषा सांभाळायचं काम मग गणेशोत्सव, नाटक, वाचनालय आणि घरातल्या आजीवर येऊन पडलं. तिथल्या कितीतरी नातवंडांना मराठी बोलता येतं, वाचायला मात्र थांबून थांबून.

बेळगावकडे अजून तिन्ही गोष्टी शिल्लक आहेत. सरकारी मराठी शाळा आहेत, समाजाच्या संस्था आहेत, आणि घराघरांत मराठी बोलणारी मुलंही आहेत. फक्त ती मुलं आणि त्या शाळा एकमेकींपासून लांब चालल्या आहेत.

गल्लीने काय करायचं

शिवजयंतीच्या चित्ररथाला, गणपतीच्या मांडवाला वर्गणी काढायची सवय इथल्या प्रत्येक गल्लीला आहे. पंच मंडळी आहेत, युवक मंडळ आहे, महिला मंडळ आहे. शाळेसाठी याच यंत्रणेचा वापर करता येतो, आणि काही गल्ल्यांनी, काही गावांनी तो केलाही आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्ग रंगवून दिले, बाक दिले, संगणक दिले. ते हवंच. पण पटाच्या हिशेबाने पाहिलं तर आणखी काही कामं त्याहून आधीची आहेत.

पहिलं काम मोजणीचं. गल्लीत तीन ते सहा वयाची मुलं किती, हे मंडळाने जानेवारीतच वहीत लिहावं. मेच्या शेवटी बाईंनी येऊन विचारण्यात अर्थ उरत नाही. ही यादी शाळेत देऊन आगाऊ नोंदीची मागणी करता येते.

दुसरं, बालवर्ग. पहिलीच्या आधीची दोन वर्षं मराठीतून सांभाळणारा वर्ग शाळेच्या आवारात किंवा मंदिराच्या हॉलमध्ये चालला, तर मूल पहिलीला तिथेच राहण्याची शक्यता वाढते. बाहेर जाणारी बहुतेक मुलं याच वयात जातात, म्हणून वर्गणीचा पहिला रुपया इथे लागलेला बरा.

तिसरं, एसडीएमसी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च होतं ते पाहणं हे समितीचं काम आहे. पुष्कळ ठिकाणी सभा होते ती सहीपुरती. दुपारी तीनला सभा ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार? रात्री आठला ठेवा, मंदिरात ठेवा, आया येतील.

चौथं, जे मागायचं ते लिहून. शिक्षक कमी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पट, मंजूर पदं आणि भरलेली पदं असे तीन आकडे टाकून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आकडे मिळत नसतील तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे, त्यात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज कुठल्या पुढाऱ्याच्या हस्ते दिला यापेक्षा त्यात आकडे बरोबर आहेत का, हे जास्त कामाला येतं.

पाचवं, इंग्रजीची भीती. मराठी शाळेतल्या मुलांसाठी संध्याकाळी तासभर इंग्रजी बोलायचा वर्ग गल्लीतली कॉलेजात जाणारी पोरं-पोरी घेऊ शकतात. दहावीनंतर पीयूसीला विज्ञान घेणाऱ्यांना मे महिन्यात गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द शिकवणारा महिनाभराचा वर्ग असला, तर ते पहिले सहा महिने सोपे जातात. आईला हे दिसलं पाहिजे. "मराठीत घाला" असं नुसतं सांगून तिची काळजी जात नाही.

आणि शेवटचं, जे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मराठी शाळा वाचवा म्हणून निवेदनावर सही करणाऱ्यांची नातवंडं कुठे शिकतात, हे गल्लीला ठाऊक असतं. प्रत्येकाने आपलं मूल मराठी शाळेतच घातलं पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही, न्यायालयानेच तसं सांगितलंय. पण ज्यांनी दुसरीकडे घातलंय त्यांनाही गवंड्याच्या पोरीची शाळा चांगली चालावी यासाठी पुष्कळ करता येतं. आठवड्यातून एक तास शिकवता येतं, एका बालवर्गाच्या बाईंचा पगार चार घरांनी मिळून देता येतो.

संध्याकाळी बाईंची वही बंद होते तेव्हा तिच्यात पाच नावं असतात. सकाळी दाराआडून "ह्यांना विचारून सांगते" म्हणालेली सून अजून आलेली नसते. तिचं उत्तर हो आलं तर पहिलीत सहा. सगळ्या शाळेचा पट साठावर अडला असेल, तर त्या एका नावाने तो एकसष्ट होतो आणि शाळेतले तिसरे गुरुजी जागेवर राहतात.